रानातलं घर जागेत मुरवायचं कसं: पहिल्या खुंटीपासून शेवटच्या पायदगडापर्यंत

रानातलं घर डोळ्यांना खुपतं ते क्वचितच रंगामुळे. बहुधा ते चुकीच्या ठिकाणी असतं, हवं त्यापेक्षा दीडेक मीटर उंच असतं आणि त्याच्यासाठी जमीन ताटासारखी सपाट केलेली असते. हे तीन घोळ एकदा झाले की पुढे भिंतीवर वेल चढवा, पत्र्याला हिरवा रंग फासा, दारात धोंडे आणून मांडा, घर उपरंच दिसतं. जागा, जोत्याची पातळी आणि छपराची खालची कड एवढं जमलं, तर साध्या पत्र्याचं घरही उताराला टेकून बसल्यासारखं वाटतं. म्हणून खालचा बराच मजकूर नकाशा काढण्याआधीच्या कामाचा आहे.

इथे गृहीत धरलंय ते एका कुटुंबाचं, सुट्टीत आणि उन्हाच्या दिवसांत राहायचं, ३५ ते ६० चौरस मीटरचं एकमजली घर. दुमजली घर पहिल्याच खेपेला करायला जाऊ नये. बांधकामाची परवानगी, हद्दीपासून आणि ओढ्या-तळ्यापासून सोडायचं अंतर हे आधी लेखी विचारून घ्या. आखणी झाल्यावर कळलं तर सगळी मोजणी पुन्हा करावी लागते.

आधी जागा बघा, चार वेळा

एकदा सकाळी, एकदा टळटळीत दुपारी, एकदा सूर्य मावळताना आणि एकदा पाऊस कोसळत असताना. चौथी फेरी बहुतेक जण टाळतात, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त सांगून जाते. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून निघून जातं हे कोरड्या दिवशी अंदाजाने ठरवायचं नसतं. पावसात जाता आलंच नाही तर खुणा शोधा: एकाच दिशेला आडवं पडलेलं गवत, काटक्या-पाचोळ्याची अडकलेली रेघ, दगडांवर वाळलेला चिखलाचा पातळ थर. आजूबाजूला सगळं वाळलेलं असताना एखादाच तुकडा हिरवागार दिसला तर तिथे खाली ओल आहे. तिथे घर नको. खोलगट बशीसारखी जागाही नको. रात्रीची थंड हवा आणि धुकं तिथेच साचतं.

दुसरा मोह माथ्याचा. टेकडीच्या डोक्यावरून दृश्य छान दिसतं हे खरं, पण मग सगळ्या मुलखाला तुमचं घर दिसतं, वारा चारी बाजूंनी झोडपतो आणि टेकडीचा आकारच जातो. अमेरिकी वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी १९११ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये स्वतःचं घर बांधलं ते टेकडीच्या डोक्यावर न बांधता कपाळावर, म्हणजे माथ्याच्या थोडं खाली. त्याचं ‘टॅलिएसिन’ हे वेल्श नावही ‘चकाकतं कपाळ’ या अर्थाचं. नवख्याने पाळावा असा नियम यातूनच निघतो: ज्या वाटेने लोक येतात तिथून बघितलं असता आढ्याच्या मागे जमीन किंवा झाडं दिसली पाहिजेत, आकाश नाही.

हे तपासायला संगणक लागत नाही. घराचे चार कोपरे जिथे येतील तिथे चार बांबू रोवा, वळचणीच्या उंचीवर दोरी ताणा, मध्ये एक उंच बांबू उभा करून आढ्याच्या उंचीला लाल फडकं बांधा. मग ५० मीटर, २०० मीटर आणि रस्त्यावरून बघा. फडकं आकाशात फडफडताना दिसलं तर घर खाली सरकवा किंवा छप्पर उतरवा. हा सांगाडा आठवडाभर तसाच राहू द्या. पहिल्या दिवशी पटलेली जागा चौथ्या दिवशी पटेनाशी होते असं पुष्कळदा घडतं.

आणखी एक, जरा उलटं वाटेल असं. त्या जमिनीत सगळ्यात सुंदर जागा जी असेल, झाडाखालची हिरवळ किंवा दगडांमधला सपाट तुकडा, तिच्यावर घर बांधू नका. घर तिच्या कडेला ठेवा आणि ती जागा बसायला राखा. घरासाठी आधीच बिघडलेला तुकडा शोधा: जुना खड्डा, खडकाळ पट्टी, गुरांनी तुडवून उघडी पडलेली जमीन.

मोजणी: लेव्हल नळी आणि खुंट्या

साहित्य साधं: १० ते १२ मिलिमीटरची १५ मीटर पारदर्शक नळी, दोन सरळ काठ्या, मोजपट्टी, सुतळी, चुन्याची फक्की, पन्नासेक खुंट्या. नळीत थोडा रंग घातलेलं पाणी एका टोकाने सावकाश भरा. भरून झाल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरा. पाण्याची पातळी तंतोतंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर मध्ये हवेचा बुडबुडा अडकलाय. नळी टिचक्या मारत उंच धरून तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळी मोजणी चार-पाच सेंटिमीटरने चुकते ती या बुडबुड्यामुळेच. एक टोक उन्हात आणि एक सावलीत बराच वेळ राहिलं तरी थोडा फरक पडतो, म्हणून हे काम सकाळी उरका.

जागेवर ३ मीटरच्या चौकटींत खुंट्या मारा, प्रत्येक खुंटीपाशी जमिनीची पातळी एका ठरलेल्या दगडाच्या तुलनेत नोंदवा. मग दर ५० सेंटिमीटर चढाला एक, अशा समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कागदावर काढा, १:१०० प्रमाणात. त्याच कागदावरून ५ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवले की जमिनीचा नमुना तयार; एक थर म्हणजे बरोबर अर्धा मीटर. त्यावर घराचा ठोकळा फिरवून बघण्यात जी अक्कल येते ती कागदावर येत नाही.

नकाशावर १० सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक बुंधा आणि प्रत्येक मोठा दगड हवा. बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर मोजा आणि त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ काढा. ४० सेंटिमीटरच्या झाडाचं वर्तुळ ४.८ मीटर त्रिज्येचं होतं. त्या वर्तुळात खोदाई नाही, मातीचा भराव नाही, ट्रक-ट्रॅक्टर नाही. झाडाची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटरच्या थरात पसरलेली असतात. त्यांच्यावर वीतभर माती टाकली किंवा वजनाने जमीन दाबली तरी मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं. तोवर ‘घराभोवतीचं झाड’ म्हणून केलेली सगळी आखणी त्याच्यावर बेतलेली असते.

किती मोठं?

वाटतं त्याहून लहान. नामवंत वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए यांनी १९५२ च्या सुमारास भूमध्य समुद्राकाठी स्वतःसाठी बांधलेली सुट्टीची खोपी आतून ३.६६ मीटर चौरस होती. तेवढ्यात राहा असं कुणी म्हणत नाही, पण उन्हाळी घरात दिवस बाहेरच जातो, आणि ते ध्यानात न घेता लोक शहरातल्या घराचा नकाशा रानात उचलून आणतात. झोपायच्या दोन खोल्या ३ × ३ मीटरच्या पुरतात. पैसे आणि जागा पडवीत घाला.

पडवीची रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी करू नका. १.२ मीटरची पडवी म्हणजे बोळ. त्यात खुर्ची ठेवली की माणूस जाऊ शकत नाही, आणि मग ती चपला ठेवण्याची जागा होते. टेबल, भोवती खुर्च्या आणि मागून एक जण जाण्याएवढी वाट हे सगळं २.४ मध्ये जेमतेम बसतं, ३ मीटरमध्ये ऐसपैस.

घर लांबट आणि अरुंद ठेवा, ४ ते ४.५ मीटर रुंद. समोरासमोर खिडक्या असतील तर खोलीच्या उंचीच्या साधारण पाचपट अंतरापर्यंत वारा आरपार जातो. एकाच बाजूला खिडकी असेल तर उंचीच्या दोन-अडीच पटींपलीकडे हवा हलत नाही. अरुंद घराचा दुसरा फायदा छपराचा: रुंदी कमी तर आढं कमी उंच.

उतारावर बसवणं

इथे सगळं ठरतं, म्हणून इथे घाई नको.

लांबी नेहमी समपातळी रेषांना समांतर ठेवा. १०० मीटरला १० मीटर उतार असलेल्या जमिनीवर ४.५ × १२ मीटरचं घर आडवं ठेवलं तर वरच्या आणि खालच्या भिंतीत ४५ सेंटिमीटरचा फरक पडतो. तेच घर उताराच्या दिशेने फिरवलं की फरक १.२ मीटर. घर तेच, पण दुसऱ्या मांडणीत एका टोकाला माणसाच्या छातीएवढं जोतं उघडं पडतं आणि लांबून फक्त तेच दिसतं.

१०० ला ५ पर्यंतच्या उतारावर साधं जोतं चालतं. ५ ते १५ मध्ये जोतं टप्प्याटप्प्याने उतरवा. दोन खोल्यांच्या मध्ये तीन पायऱ्या आल्या तर आतूनही गंमत येते. त्यापुढे खांब.

जे करायचं नाही ते म्हणजे जेसीबीने वरची बाजू कापून तीच माती खालच्या बाजूला ढकलणं. अर्धं घर कापलेल्या घट्ट जमिनीवर, अर्धं नव्या भरावावर. भराव बसत जातो, कापलेली बाजू जागची हलत नाही, आणि बरोबर त्या जोडावर भिंतीला तिरकी भेग पडते. भेग बुजवली तरी पुढच्या पावसात पुन्हा उघडते, कारण दोष भिंतीत नसतोच.

खांबांवरच्या घराचा कच्चा हिशेब असा. खांब २.१ मीटर अंतरावर घेतले तर आतल्या एका खांबावर ४.४ चौरस मीटरचा भार येतो. लाकडी जमीन, हलकं छप्पर, माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला ३०० किलो धरले तर सुमारे १,३२० किलो. मध्यम ताकदीची माती चौरस मीटरला १० टन झेलते असं धरलं तर पायाचा तळ ०.१३ चौरस मीटर हवा, म्हणजे ३७ सेंटिमीटर चौरस, ४० घ्या. हा हिशेब इंजिनिअरशी बोलता यावं म्हणून आहे, त्याच्याऐवजी वापरायला नाही. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी चिकणमाती असेल तर पाया त्या भेगांच्या खोलीच्या खाली न्यावाच लागतो, आणि जिथे जमीन गोठते तिथे गोठणाऱ्या थराच्या खाली.

लाकडी खांब मातीत कधीच पुरू नका. जमिनीला टेकतो तिथे, ओल आणि हवा दोन्ही मिळतात त्या पट्ट्यात, तो सगळ्यात आधी कुजतो. काँक्रीटच्या ठोकळ्यावर जस्त चढवलेलं लोखंडी बूट बसवा आणि लाकडाचं बूड जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर ठेवा. तुळयांखाली निदान ४५ सेंटिमीटर मोकळं हवं, म्हणजे वारा फिरेल आणि दुरुस्तीला माणूस सरपटत जाऊ शकेल. खालच्या टोकाला ही पोकळी १.२ मीटरपेक्षा उंच होत असेल तर घर मचाणासारखं दिसायला लागतं. तेव्हा एक टप्पा खाली उतरा.

जमिनीच्या बाहेर तरंगणारा सज्जा काढायचा मोह होतोच. पेनसिल्व्हेनियातल्या ‘फॉलिंगवॉटर’ या घरात राइट यांनी धबधब्यावर काँक्रीटचे सज्जे काढले. ते जगभर गाजले आणि बांधकाम चालू असल्यापासून वाकत गेले. शेवटी २००२ मध्ये पोलादी तारांनी आतून ताणून त्यांना आवरावं लागलं. त्याच घरात मूळ खडक चुलीपुढे जमिनीतून वर आलेला तसाच ठेवलाय. नवख्याने उचलायची गोष्ट ही, सज्जा नाही. काढायचाच झाला तर तुळईचा आत राहणारा भाग बाहेरच्या भागाच्या तिप्पट ठेवा.

छप्पर

लांबून घर म्हणजे छप्परच. त्याचा उतार शक्यतो जमिनीच्या उताराच्या जवळपास जाणारा असावा. भोवती सौम्य टेकड्या असताना ४५ अंशांचं टोकदार छप्पर उभं केलं की ते बोट वर केल्यासारखं दिसतं. पण मनाला येईल तेवढं सपाटही करता येत नाही, साहित्य अडवतं: पन्हळी पत्र्याला ५ ते १० अंश पुरतात, कौलांना २५ ते ३० लागतात, गवताच्या शाकारणीला ४५. गवत कमी उतारावर घातलं की पाणी वाहून जायच्या आत झिरपतं आणि दोन-तीन वर्षांत आतून कुजतं.

पत्र्याला नाकं मुरडू नयेत. ऑस्ट्रेलियाचे वास्तुशिल्पी ग्लेन मर्कट यांची रानातली कितीतरी घरं पन्हळी पत्र्याची आहेत, आणि त्यांना २००२ मध्ये वास्तुकलेतलं मानाचं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. पत्रा फक्त चकचकीत नको, मंद रंगाचा घ्या. त्याच्या खाली ५० मिलिमीटर हवेची फट, मग उष्णतारोधक थर, मग फळ्या. फट सोडली नाही तर पहाटे पत्र्याच्या पोटाला दव धरतं आणि आत टपटप सुरू होतं. छप्पर गळतंय म्हणून लोक वर डांबर ओततात, वळचणीचं पाणी आढ्याला नेल्यासारखं. गळत काहीच नसतं, फक्त हवा कोंडलेली असते.

मातीचं, गवत उगवलेलं छप्पर सगळ्यांनाच हवं असतं. हिशेब आधी करा: १० सेंटिमीटर साधी माती भिजली की चौरस मीटरला १८० ते २०० किलो होते, म्हणजे वर सांगितलेला खांबांवरचा भार दीडपटीपेक्षा वर जातो. त्याखाली मुळं न शिरणारा जलरोधक पडदा, निचऱ्याचा थर आणि गाळणीचं कापड हवंच. सपाट छपरावर माती टाकण्याआधी तोटीला बुच्चण मारून ५ सेंटिमीटर पाणी २४ तास तुंबवून ठेवा आणि खालून बघा. एकदा माती पडली की गळती शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. पहिलं घर असेल तर हे छप्पर पडवीपुरतंच करा.

वळचणीची उंची २.१ ते २.४ मीटर. सगळ्या घरात मला विचाराल तर हा एक आकडा जपा. कड खाली आली की सावली भिंतीवर पडते, काच झाकोळते आणि लांबून फक्त छपराची एक आडवी रेघ उरते.

पाखं किती पुढे काढायचं याला सूत्र आहे: खिडकीवर पडणारी सावली म्हणजे पाख्याची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा ‘टॅन’ (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर, कॅल्क्युलेटरवर मिळतं). ४० अक्षांशावर भर उन्हाळ्यात दुपारी सूर्य ७३ अंशांवर असतो. ६० सेंटिमीटरचं पाखं सुमारे २ मीटर सावली देतं. हिवाळ्यात तिथेच तो २७ अंशांवर येतो आणि सावली ३० सेंटिमीटर उरते, ऊन आत येतं. हे विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या भिंतीपुरतं. कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातला काही काळ दुसऱ्या बाजूलाही जातो, म्हणून तिथे चारी बाजूंना पाखं हवं. पश्चिमेचं ऊन मात्र कुठल्याच पाख्याला जुमानत नाही. ते खालून, तिरकं येतं. तिथे झाड, उभ्या पट्ट्या किंवा खिडकीच न ठेवणं, एवढेच उपाय.

भिंती, लाकूड, रंग

बिनरंगी लाकडाला हवेत सोडलं की ते रुपेरी करडं होतं. उन्हातला अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, मोडतो आणि पाऊस ते धुऊन नेतो. म्हणजे दोन्ही लागतात. वळचणीखालचा पट्टा, जिथे पाऊस पोचत नाही, तो तपकिरीच राहतो, आणि भिंत दोन रंगांची दिसते. ही चूक नसून लाकडाचा स्वभाव आहे. चालत नसेल तर सुरुवातीलाच करड्या छटेचा पातळ हात द्या.

फळ्या २० मिलिमीटर जाड, १२ ते १५ सेंटिमीटर रुंद, उभ्या. मागे २५ मिलिमीटरच्या पट्ट्या मारून पोकळी, पोकळीला वर आणि खाली जाळी. उभ्या फळीचं खालचं टोक सरळ न कापता मागच्या बाजूला वर चढेल असं ३० अंशांत तिरकं कापा. थेंब पुढच्या कडेवरून सुटतो, टोकात शोषला जात नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला सीलरचे दोन हात. साधे लोखंडी खिळे वापरले तर टॅनिन (लोखंडाशी काळं पडणारं द्रव्य) असलेल्या लाकडावर प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ येतो आणि तो रंधा मारूनही जात नाही, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच. फळीचं बूड जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर.

कारण पागोळ्या. छपरावरून पडणारं पाणी मातीवर आपटून भिंतीवर चिखल उडवतं. पागोळ्यांच्या बरोबर खाली ६० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात २० ते ४० मिलिमीटरची खडी भरा. खडीवर थेंब फुटतो, उडत नाही.

रंग निवडताना पानांकडे बघूच नका. पानांचा हिरवा दिवसागणिक आणि ऋतूगणिक बदलतो, डब्यातला बदलत नाही, म्हणून रंगवलेला हिरवा सगळ्यात जास्त उठून दिसतो. सालीचा, ओल्या मातीचा, वाळल्या गवताचा, दगडावरच्या शेवाळी डागांचा रंग घ्या, आणि डोळ्याला बरोबर वाटेल त्याहून एक छटा गडद. ६० सेंटिमीटर चौरस प्लायवुडवर दोन हात मारून तो तुकडा जागेवर उभा करा आणि ३०-४० मीटरवरून दिवसातून तीनदा बघा. हातातल्या रंगपट्टीवरून ठरवलेला रंग भिंतीवर नेहमी जास्त उजळ दिसतो. फिनलंडमध्ये मुराट्सालो बेटावरच्या आपल्या उन्हाळी घराच्या अंगणात तिथले वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांनी निरनिराळ्या विटा आणि सांधे भिंतीतच लावून पाहिले होते. तुमच्या तुकड्यांनाही तेवढा वेळ द्या.

दगड जागेवरचा असेल तर सिमेंटशिवाय गडगा रचा. मीटरभर उंचीला तळ ६० सेंटिमीटर, माथा ३५. दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी. नवखा माणूस ती समोरून दाखवतो, कारण तशी भिंत भराभर पुढे सरकते, आणि पुढच्याच वर्षी तिचं पोट सुटतं. दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक दगड, म्हणजे उभी रेघ सलग राहत नाही. अर्ध्या उंचीवर दर मीटरला एक दगड आरपार. पोटात माती न भरता चिपा ठोकून बसवा, माती पावसात वाहून जाते. माती थोपवणारा गडगा असेल तर तो चढाकडे झुकता ठेवा, मागे ३० सेंटिमीटर खडी भरा. मीटरच्या वर जायचं तर इंजिनिअर.

काच आणि दिवे

मोठी काच दिवसा आकाश दाखवणारा आरसा आणि रात्री कंदील. दोन्ही वेळा घर लपत नाही. काच पाख्याच्या सावलीत मीटरभर आत घ्या. पक्षी आदळू नयेत म्हणून काचेच्या बाहेरच्या अंगाला ५ सेंटिमीटर अंतराने ठिपके किंवा रेघा हव्यात. एकच घारीचं चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या शेजारून जाऊ बघतात. बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले, झाकलेले, प्रकाशाचा रंग २,७०० केल्विन (पिवळसर) किंवा त्याहून पिवळा.

पाणी, मैला, तारा

घराच्या वरच्या अंगाला ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल उथळ चर काढून पाणी वळवा, त्याला १०० ला १ ते २ उतार द्या. त्याहून जास्त दिला तर चरच ओघळ होऊन खोल जातो. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन १५ सेंटिमीटर उतरती हवी.

छपराचं पाणी साठवायचं तर हिशेब सोपा: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ६० चौरस मीटर, २५ मिलिमीटर पाऊस, १५ टक्के वाया, हाती १,२७५ लिटर. पहिले १०० लिटर बाहेर सोडा, त्यात धूळ आणि विष्ठा असते.

शोषखड्डा पाण्याच्या उद्भवापासून ३० मीटर लांब आणि खालच्या अंगाला. आधी ३० सेंटिमीटर रुंद, ६० खोल खड्डा करून तो रात्रभर पाण्याने भिजवा, सकाळी पुन्हा भरून पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. दोन-तीन मिनिटांत उतरलं तर पाणी न गाळताच खाली जातंय, तासाभरात उतरलं नाही तर शोषखड्डा तुंबणार. विजेची तार पाइपातून जमिनीखाली ६० ते ७५ सेंटिमीटरवर न्या. सुंदर बसलेल्या घरासमोर खांब आणि तारा आल्या की सगळं मुसळ केरात.

झाडी आणि आग

इथे खरा पेच आहे. घर झाडीत बुडालेलं हवं, आणि वणवा पेटणाऱ्या मुलखात भिंतीला टेकलेली झाडीच घर जाळते. मुद्दा सरळ सोडवा: भिंतीपासून दीड मीटर फक्त खडी आणि दगड, १० मीटरपर्यंत विरळ, खालच्या फांद्या छाटलेली झाडं, पुढे रान. जळके कण वाऱ्याबरोबर येऊन पोकळीत शिरतात, म्हणून सगळ्या झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी. हिरवाई भिंतीला न चिकटताही घर झाकते, बघणारा आणि घर यांच्या मध्ये दोन झाडं आली की पुरतं.

काम सुरू होतं तो दिवस

जमिनीची सगळ्यात जास्त नासाडी पहिल्याच दिवशी होते. कामगार येण्याआधी घराच्या आखणीपासून ३ मीटर सोडून दोरीचं कुंपण घाला, गाडीचा एकच रस्ता आखा, रेती-खडीची एकच जागा ठरवा. सिमेंट कालवलेलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतायचं नाही हे आधी बजावून ठेवा.

खोदाईच्या जागेवरची वरची १५ ते २० सेंटिमीटर माती वेगळी काढून ठेवा, ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको. त्या मातीत तिथल्याच गवता-झुडपांचं बी असतं. काम संपल्यावर तीच परत पसरली की पहिल्या पावसात ओळखीची झाडं उगवतात, रोपं आणावी लागत नाहीत. लावायचीच तर गुडघ्याएवढी लावा. मोठं झाड उपटून आणलं की ते एक-दोन वर्षं रुसून बसतं आणि लहान रोप त्याला गाठतं.

आखणीत काटकोन ३-४-५ ने (एक बाजू ३ मीटर, दुसरी ४, तर कर्ण ५) साधा, पण शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ४.५ × १२ मीटरला कर्ण १२.८२ मीटर. दोघांत १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खुंटी हलवा, नाहीतर तो फरक छपरावर जाऊन पत्र्याच्या शेवटच्या ओळीत तिरकी पाचर होऊन बसतो.

वाट सगळ्यात शेवटी

गाडी घरापासून ३०-४० मीटर लांब थांबवा. तिथून घरापर्यंतची वाट मात्र लगेच बांधू नका. दोन-तीन महिने नुसतं चाला. माणसं आपोआप कुठून जातात, सामान घेऊन कुठे वळतात, कुठल्या दगडाला वळसा घालतात, ते गवतावर उमटतं. मग त्याच रेषेवर पायदगड टाका, एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ६० ते ६५ सेंटिमीटर. चढ जास्त असेल तिथे १५ सेंटिमीटर उंच आणि ३५ रुंद पायऱ्या. दगडाखाली ५ सेंटिमीटर वाळू, आणि दगडाचं तोंड जमिनीला समतल: वर राहिला तर ठेच लागते, खाली गेला तर त्यावर पाणी साचून शेवाळं धरतं.